मेमरीची सुसंगतता आणि संगणक सुरू न होणे

मेमरीची सुसंगतता म्हणजे डेस्कटॉप संगणकात बसवलेली रॅमची पट्टी त्या संगणकाचा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बायॉस या तिघांनाही ओळखता येणे व वापरता येणे होय. ही सुसंगतता नसेल, किंवा असूनही पट्टी नीट बसलेली नसेल, तर बटण दाबल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ असा निर्णय फार लवकर दिला जातो आणि कित्येकदा चालू स्थितीतला संगणक भंगारात जातो. प्रत्यक्षात पुष्कळ प्रसंगी कोणताही भाग निकामी झालेला नसतो. एकमेकांशी न जुळणारे दोन चांगले भाग एकत्र आलेले असतात, किंवा पट्टीच्या सोनेरी संपर्कांवर मळ साचलेला असतो.

शब्दांविषयी

मराठी बोलण्यात ‘मेमरी’ हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ‘मोबाइलची मेमरी भरली’ असे म्हणताना कायमस्वरूपी साठवण अभिप्रेत असते. प्रस्तुत लेखात मेमरी म्हणजे रॅम, म्हणजे संगणक चालू असेपर्यंतच माहिती धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती. तिच्यातील प्रत्येक बिट एका सूक्ष्म संधारित्रातील विद्युतभाराच्या रूपात असतो. हा भार सतत गळत असल्याने तो दर सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो, आणि वीज गेली की सर्व पुसले जाते. एक ट्रान्झिस्टर आणि एक संधारित्र यांची ही रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची असून तिचे पेटंट १९६८ सालचे आहे.

संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ म्हणतात. या शब्दाचा पायातल्या बुटाशी खरोखरच संबंध आहे. बुटाच्या मागच्या पट्ट्याला धरून स्वतःच स्वतःला वर उचलण्याची अशक्यप्राय कल्पना इंग्रजीत रूढ आहे, आणि स्वतःचा कार्यक्रम स्वतःच चालू करणाऱ्या यंत्राला ती लागू करण्यात आली. पुढे वर्णन केलेला बिघाड नेमका या उचलण्याच्या क्षणी होतो.

पडदा काळा का राहतो

वीज मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये कायम साठवलेला कार्यक्रम चालवू लागतो. हाच बायॉस, त्याच्या आधुनिक रूपाला यूईएफआय म्हणतात. या वेळी रॅम जागेवर असली तरी वापरण्याजोगी नसते. म्हणून बायॉस प्रोसेसरच्या पोटातील छोट्या कॅश स्मृतीवर कसेबसे काम भागवतो आणि रॅमचा शोध घेऊ लागतो.

प्रत्येक रॅमपट्टीवर मुख्य चिपांखेरीज एसपीडी नावाची आणखी एक बारीक चिप असते. पट्टी कोणत्या पिढीची, किती क्षमतेची, किती वेगाची, तिला किती व्होल्ट लागतात, कोणत्या आज्ञेनंतर किती काळ थांबावे, ही सर्व माहिती त्या चिपमध्ये लिहिलेली असते. रॅमपट्टीचे हे ओळखपत्रच म्हणता येईल. बायॉस ते वाचतो, त्यानुसार प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकाची मांडणी करतो आणि मग ‘ट्रेनिंग’ सुरू होते. ठरावीक नमुन्याची माहिती पट्टीकडे पाठवायची, ती परत वाचायची, आणि संकेत नेमक्या कोणत्या क्षणी टिपला असता बरोबर वाचला जातो हे प्रत्येक तारेसाठी शोधून काढायचे, असे हे काम आहे. मदरबोर्डवरील तारांच्या लांबीत किंचित फरक असतो आणि या वेगांना तेवढा फरकही महत्त्वाचा ठरतो.

हे सर्व पार पडल्यावरच बायॉस स्वतःची प्रत रॅममध्ये घेतो आणि त्यानंतर पडद्यावर चित्र उमटवण्याची तयारी करतो. म्हणजे मेमरीत अडचण आली तर तिची सूचना पडद्यावर देण्याची सोयच तोवर उभी राहिलेली नसते. काळा पडदा हा म्हणूनच मॉनिटरचा दोष असेलच असे नाही.

या मुक्या अवस्थेत यंत्राजवळ बोलण्याचे तीनच मार्ग उरतात: आवाज, दिवा आणि अंक. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये सुरुवातीची तपासणी निर्विघ्न झाली की एक लहान ‘बीप’ वाजत असे, आणि दोष असेल तर त्याचा क्रम बदलत असे. पुढे एएमआय, अवॉर्ड व फीनिक्स या बायॉस तयार करणाऱ्या कंपन्यांनी आपापले निरनिराळे संकेत ठरवले. एएमआयच्या जुन्या पद्धतीत तीन बीप म्हणजे मेमरीच्या पहिल्या ६४ किलोबाइटमध्ये दोष. अवॉर्डच्या पद्धतीत एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा दोष. तेव्हा ‘तीन वेळा वाजले म्हणजे रॅम’ असा सरसकट नियम सांगणाऱ्या तक्त्यांवर विसंबू नये. आपल्या मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. आजच्या अनेक पेट्यांत स्पीकरच बसवलेला नसतो, म्हणून मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व बूट अशा नावांचे चार लहान दिवे देतात. ज्या टप्प्यावर गाडी अडली त्याचा दिवा लागून राहतो. काही महागड्या मदरबोर्डांवर दोन अंकी संकेत दिसतो. एएमआयच्या सध्याच्या प्रणालीत ५५ हा संकेत ‘मेमरी बसवलेली नाही’ असा अर्थ देतो.

येथे एका गोष्टीची विशेष नोंद घ्यावी लागते. डीडीआर५ मेमरी असलेल्या संगणकांत, विशेषतः एएमडीच्या एएम५ मदरबोर्डांवर, पहिल्यांदा पट्टी बसवल्यावर ट्रेनिंगला कित्येक मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. घाईने वीज बंद केली की सगळे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि दोन-तीनदा असे झाले की नवाकोरा संगणक सदोष ठरवून दुकानात परत नेला जातो. दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसणे ही येथे दुरुस्तीची पहिली पायरी आहे.

न जुळण्याची कारणे

सर्वांत ढोबळ कारण पिढीचे. मेमरीची मानके जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआरचे मानक २००० साली, डीडीआर२चे २००३, डीडीआर३चे २००७, डीडीआर४चे २०१२ आणि डीडीआर५चे २०२० साली आले. विद्युतदाब प्रत्येक पिढीत उतरत गेला: अनुक्रमे २.५, १.८, १.५, १.२ आणि १.१ व्होल्ट. डीडीआर२ व डीडीआर३ या दोन्हींना २४० संपर्क, तर डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्हींना २८८ संपर्क असतात. त्यामुळे पट्ट्या वरवर सारख्या दिसतात, पण खालची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. पट्टी सहज बसत नसेल तर ती उलटी धरली आहे किंवा चुकीच्या पिढीची आहे, असे समजून थांबावे. जोर लावून बसवल्यास स्लॉट तरी फुटतो किंवा विद्युतदाब चुकीच्या ठिकाणी पोचतो. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरांना डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात, परंतु एका मदरबोर्डवर सामान्यतः एकाच प्रकारचे स्लॉट असतात. केवळ प्रोसेसरचे नाव सांगून रॅम विकत आणणे म्हणूनच पुरेसे नाही.

याहून फसवे कारण चिपांच्या घनतेचे. खाच जुळते, पिढी जुळते, व्होल्ट जुळतात, आणि तरी संगणक सुरू होत नाही. याचे उत्तम उदाहरण इंटेलच्या जी४१ चिपसेटचे आहे. २००८ साली आलेला हा चिपसेट भारतीय बाजारात दीर्घकाळ विकला गेला आणि अजूनही पुष्कळ जुन्या संगणकांत आढळतो. त्याच्या डीडीआर३ आवृत्तीत ४ गिगाबाइटची पट्टी चालते, पण कोणतीही नव्हे. एका चिपची घनता २ गिगाबिटपर्यंतच असावी अशी त्याची मर्यादा आहे. आता ४ गिगाबाइट म्हणजे ३२ गिगाबिट. ही क्षमता दोन रीतींनी गाठता येते: २ गिगाबिटच्या सोळा चिपा लावून, किंवा ४ गिगाबिटच्या आठ चिपा लावून. पहिल्या प्रकारच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चिपा असतात, आणि ती जी४१ वर चालते. दुसऱ्या प्रकारची पट्टी नंतरच्या काळातली. तिच्या बहुधा एकाच अंगाला चिपा असतात, आणि ती जी४१ वर चालत नाही.

असे का व्हावे? मेमरीतील प्रत्येक कप्प्याला ओळ आणि स्तंभ असा पत्ता असतो. चिपची घनता वाढली की पत्त्याला आणखी एक अंक लागतो. जुन्या नियंत्रकाजवळ तो अंक पाठवण्याची व्यवस्थाच नसेल, तर चिपचा अर्धा भाग त्याला कधी गाठताच येत नाही. कधी अशी पट्टी अर्ध्या क्षमतेची दिसते, बहुतेक वेळा संगणक सुरूच होत नाही. दुकानदार ती दुसऱ्या, नव्या संगणकात लावून ‘चालते आहे’ असे दाखवतो. ग्राहक घरी येऊन ती लावतो आणि ‘चालत नाही’ असे पाहतो. दोघेही खरेच सांगत असतात. जुन्या संगणकासाठी रॅम घेताना केवळ गिगाबाइट न विचारता चिपांची संख्या मोजून पाहावी, हा सल्ला यातूनच आला आहे. हाच प्रश्न वरच्या पातळीवर पुन्हा दिसतो: इंटेल कोअरच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत डीडीआर३ची एक पट्टी ८ गिगाबाइटपर्यंतच चालते. २०२३ मध्ये डीडीआर५च्या २४ व ४८ गिगाबाइटच्या पट्ट्या बाजारात आल्या, तेव्हाही अनेक मदरबोर्डांना त्या ओळखण्यासाठी आधी बायॉसची नवी आवृत्ती घ्यावी लागली.

‘फक्त एएमडीसाठी’ अशा नावाने स्वस्तात विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे रहस्यही याच जातीचे. मेमरी नियंत्रक एका वेळी ६४ बिटांची देवाणघेवाण करतो. नेहमीच्या डेस्कटॉप पट्टीत ८-८ बिटांच्या आठ चिपा मिळून हे ६४ बिट होतात. या स्वस्त पट्ट्यांत ४-४ बिटांच्या सोळा चिपा असतात. एएमडीचे काही जुने नियंत्रक ही मांडणी चालवून घेतात. इंटेलचे डेस्कटॉप नियंत्रक घेत नाहीत. सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्यांचेही तसेच. त्यांच्यावर आज्ञा पुढे पोचवणारी एक अतिरिक्त चिप असते आणि साध्या डेस्कटॉपचा नियंत्रक तिच्याशी बोलू शकत नाही. डीडीआर४ मध्ये अशी पट्टी डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये सहज बसते, त्यामुळे फसगत होते. डीडीआर५ मध्ये खाचच वेगळी केली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत, किंवा ऑनलाइन, जुना माल घेताना पट्टीवरील चिठ्ठी वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

वेगाचा प्रश्न तुलनेने सौम्य आहे. वेगवेगळ्या वेगांच्या दोन पट्ट्या एकत्र लावल्यास साधारणतः दोन्ही कमी वेगाने चालतात. पाकिटावर छापलेला मोठा आकडा मात्र अनेकदा जेडेकच्या मानकातला नसतो. ३२०० म्हणून विकलेली डीडीआर४ पट्टी पुष्कळदा आरंभी २१३३ किंवा २४०० वेगाने सुरू होते. वरचा वेग मिळवण्यासाठी बायॉसमध्ये इंटेलची एक्सएमपी किंवा एएमडीची एक्सपो ही मांडणी निवडावी लागते. ही मांडणी म्हणजे पट्टीच्या उत्पादकाने दिलेले आश्वासन होय. प्रत्येक प्रोसेसर ते पाळू शकेलच असे नाही. मांडणी निवडताच संगणक सुरू होईनासा झाला तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक मदरबोर्ड दोन-चार वेळा स्वतःच बंद-चालू होऊन अखेर मूळ वेगावर परततात. पट्ट्यांची संख्याही येथे आड येते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी अधिकृत कमाल वेग ५२०० आहे, तर चार पट्ट्या लावल्यास ३६००. चारही स्लॉट भरले की संगणक वेगवान होतो, ही समजूत डीडीआर५च्या काळात टिकत नाही.

३२०० वेगाची पट्टी तपासणीच्या प्रोग्राममध्ये १६०० दाखवते म्हणून ती बनावट ठरवली जाते, तेही चूक आहे. एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवणे हेच डीडीआरचे वैशिष्ट्य. ठोके १६००, फेऱ्या ३२००.

दोष शोधण्याची रीत

आधी हा दोष मेमरीचा आहे का, ते ठरवावे. पंखाच फिरत नसेल तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. कंपनीचे चिन्ह पडद्यावर आले आणि नंतर ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर मेमरी आपले पहिले काम पार पाडून बसली आहे; दोष डिस्कच्या बाजूला शोधावा. मदरबोर्डला स्पीकर किंवा सूचक दिवे असतील तर एक सोपी कसोटी आहे: सर्व पट्ट्या काढून संगणक चालू करावा. मेमरी नसल्याची तक्रार ऐकू आली किंवा दिसली, तर प्रोसेसर आणि मदरबोर्ड निदान तेवढे तरी जिवंत आहेत.

पट्टीला हात लावण्यापूर्वी वीजतार भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज घालवावी. मग एकच पट्टी, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवावी. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डांत तो प्रोसेसरकडून दुसरा असतो, पहिला नव्हे. पट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबावी. खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेली पट्टी हे नव्या जोडणीतील अपयशाचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त कारण आहे. एका पट्टीवर संगणक सुरू झाला तर त्याच जागी दुसरी लावून पाहावी. दोन्ही चालल्या तर चालणारी पट्टी घेऊन स्लॉट तपासावेत. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहावा. पट्ट्या, स्लॉट आणि बायॉसची मांडणी एकदम बदलणाऱ्याचा संगणक कधी कधी सुरू होतो, पण कशामुळे ते कळत नाही, आणि दोष महिन्याभराने परत येतो.

संपर्क खोडरबराने पुसण्याचा उपाय आपल्याकडे सर्वश्रुत आहे. तो खराही आहे; दमट हवेत, कोकणात तर विशेषच, संपर्कांवर मळाचा थर बसतो. मात्र रबर मऊ व पांढरे असावे, त्याचा चुरा ब्रशने झाडावा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडाने पुसावे. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्याने हा दर महिन्याचा विधी करू नये. स्लॉटमधील धूळ तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो.

दोन स्लॉट चालतात आणि दोन मुळीच चालत नाहीत, असे आढळले तर स्लॉटला दोष देण्याआधी प्रोसेसरच्या बैठकीकडे पाहावे. एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून मेमरी नियंत्रक प्रोसेसरच्या आत घेतला आहे. बैठकीतील एखादी सूक्ष्म पिन वाकली, किंवा वरचा शीतक एका बाजूने अधिक आवळला गेला, तर मेमरीचा संपूर्ण एक मार्ग नाहीसा होतो.

बायॉसची मांडणी पुसून मूळपदावर आणण्यासाठी मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी (सीआर२०३२, ३ व्होल्ट) वीजतार काढलेली असताना काही मिनिटे काढून ठेवतात, किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना क्षणभर जोडतात. हा उपाय निरुपद्रवी मानला जातो; तो पूर्णतः तसा नाही. त्याने घड्याळ मागे जातेच, शिवाय डिस्क जोडण्याची पद्धत बदलल्यास विंडोज सुरू होत नाही, आणि डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर पुनर्प्राप्तीची किल्ली मागितली जाऊ शकते. ही ४८ अंकी किल्ली हाताशी नसेल तर डिस्कवरील सर्व माहितीला मुकावे लागते. तेव्हा किल्ली आधी शोधावी, बॅटरी मग काढावी.

सुरू होणारा सदोष संगणक

सुरूच न होणारा संगणक निदान प्रामाणिक असतो. खरी हानी करतो तो सुरू होणारा, पण मेमरीतील एखादा बिट अधूनमधून चुकवणारा संगणक. त्याची लक्षणे विखुरलेली असतात: विंडोजचा निळा पडदा, दर वेळी नवे कारण सांगणारा, संकुचित फाइल उघडताना येणारी त्रुटी, नव्याने टाकताना मध्येच अडणारी संचालन प्रणाली. याहून वाईट म्हणजे लक्षण नसणे. चुकीचा बिट रॅममधून डिस्कवर लिहिला जातो, आणि रोज घेतली जाणारी बॅकअपची प्रतही तोच चुकीचा मजकूर इमानाने जपते. शाळेचे निकालपत्रक असो की घरातली छायाचित्रे, चूक कळते ती फार उशिरा.

याची तपासणी मेमटेस्ट८६ किंवा त्यातूनच निघालेल्या मेमटेस्ट८६+ या प्रोग्रामने करतात. पेनड्राइव्हवरून थेट सुरू होत असल्याने तो जवळजवळ सर्व मेमरी तपासू शकतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून स्वतःचा मेमरी तपासनीस आहे, पण तो तितका कसून तपासत नाही. चाचणी रात्रभर चालू द्यावी. निकाल वाचताना सवलत देऊ नये: अब्जावधी कप्प्यांत एकच चूक सापडली तरी ती एक चूक जास्तच आहे. चूक आढळल्यास प्रथम एक्सएमपी वा एक्सपो बंद करून पुन्हा तपासावे, कारण दोष पट्टीचा नसून वेगाचा असू शकतो. मूळ वेगावरही चूक राहिली तर पट्ट्या एकेक करून तपासाव्यात.

सर्व्हरमध्ये वापरली जाणारी ईसीसी मेमरी ६४ बिटांसोबत ८ जादा बिट ठेवते आणि त्यांच्या आधारे एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते. डीडीआर५च्या जाहिरातीत ‘चिपमधील ईसीसी’ असा उल्लेख असतो. ती सोय चिपच्या आतपुरतीच आहे, पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात झालेली चूक तिला दिसत नाही.

मेमरी पूर्ण असूनही कमी दिसणे हा मात्र बहुधा बिघाड नसतो. ३२ बिटांच्या विंडोजला ४ गिगाबाइटपैकी सव्वातीनच्या आसपासच मेमरी वापरता येते. ६४ बिटांच्या विंडोज ७ होम बेसिकची मर्यादा ८ गिगाबाइट आहे. मदरबोर्डवरील ग्राफिक्सही आपला वाटा मेमरीतून काढून घेते.

पट्टी सदोष असल्याची खात्री झाली तर ती फेकू नये. अनेक उत्पादक रॅमवर दीर्घ मुदतीची, काही तर आजीवन हमी देतात. पट्टीवरची क्रमांकाची चिठ्ठी फाटलेली किंवा सोललेली असेल तर ही हमी बहुधा नाकारली जाते, आणि जोडीने घेतलेल्या पट्ट्यांपैकी एकच बिघडली तरी अनेक उत्पादक दोन्ही परत मागतात.